उघड्या डोक्याची राणी

ब्रह्मदेशातल्या केंगतुंगच्या वरच्या डोंगरात आखा लोकांची सात गावं, आणि सातही गावांत नाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द मीसोचा. बाईच्या नाण्यांनी मढवलेल्या टोपीवर चढणारा प्रत्येक राणीछाप रुपया आधी मीसोच्या हातून जायचा. बोटाच्या टोकावर नाणं तोलायचं, दुसऱ्या नाण्याने हलकेच ठोकायचं आणि कान द्यायचा. मग कडेवरून नख फिरवायचं; साच्यात ओतलेलं खोटं नाणं असलं तर कानशीचे ओरखडे हमखास लागत. अक्षरओळख शून्य, पण बाजारातल्या भल्याभल्या सोनारांना तिने पाणी पाजलं होतं. एकदा बोलली की बोलली. 'लग्नाआधी हिने मलाही वाजवून घेतलं होतं,' असं तिचा नवरा मोठ्या कौतुकाने सांगायचा.

वीस वर्षांपूर्वी लोचे नावाचा तरुण होणाऱ्या बायकोसाठी एक रुपया घेऊन तिच्याकडे आला. वजन पुरेपूर, आवाज खणखणीत. मग मीसोने राणीचं तोंड पाहिलं आणि नाणं मातीत टाकलं.

"मुकुट कुठाय हिचा? बाकी सगळ्या रुपयांवर असतो."

"नसेल घातला, मावशी."

"नसेल घातला! अरे, आपल्यात लग्न झालेली बाई झोपतानासुद्धा टोपी काढत नाही, आणि ही राणी असून उघड्या डोक्याने जगापुढे बसेल? गंडवलंय तुला कुणीतरी."

अख्खं अंगण हसलं. त्या दिवसापासून बिचाऱ्याला 'खोटा लोचे' हे नाव चिकटलं. पुन्हा एकदा बघा, म्हणून तो तीनदा येऊन गेला, पण मीसोने मान वर केली नाही. लोचेही हट्टाला पेटला. त्याने नाण्याला भोक पाडलं आणि ते बायकोच्या, बूयेच्या, टोपीवर अगदी कपाळाच्या मधोमध लावायला दिलं.

आता त्यांच्या लेकीचं, मीयुमचं लग्न ठरलं होतं. बूयेने आपल्या टोपीवरची नाणी उसवून लेकीच्या टोपीसाठी काढली. पण वरमाय भारी खट. भरल्या घरात म्हणाली, "खोट्या लोचेच्या घरची चांदी आहे. मीसोकडून तपासून घेऊ. एक जरी नाणं खोटं निघालं, तर आम्ही उठलो."

झालं, मीसोला बोलावणं गेलं. ती आली, बसली आणि एकेक नाणं बाजूला सारू लागली. चांगलं, चांगलं, हे जरा झिजलंय पण चांगलं. शेवटी ते उघड्या डोक्याचं हातात आलं. तिने ठोकलं. आवाज बद्द आला.

"बघा! वाजतच नाही," वरमाय म्हणाली.

"भोक पडलं की अस्सल नाणंही असंच वाजतं. तू गप बस."

मीसो नाणं घेऊन दाराशी उजेडात गेली. वीस वर्षांचा धूर, घाम आणि घासपूस त्याने सोसली होती. राणीचं नाक गेलं होतं, गाल सपाट झाला होता. नुसता मुलामा असता तर गालावर कधीच तांबं उघडं पडलं असतं. इथे चांदीच होती. भोकाच्या आत पाहिलं, तिथेही चांदीच. कानाने तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

'चालेल' एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं, जुनं कुणी उकरून काढलं नसतं. पण लोचे खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. ती काय म्हणणार हे जणू त्याला पाठ होतं. मीसोला स्वतःचा असा काही संताप आला की ती ओरडलीच.

"अस्सल आहे! तेव्हाही अस्सलच होतं. मी चुकले. ह्या माणसाला मी वीस वर्षं फुकट खोटा ठरवला."

वरमायच तेवढी पुटपुटली, "पण मुकुट?"

"तेव्हा तिचं लग्न झालं नसेल," आतून मीयुम म्हणाली आणि सगळे खो खो हसले.

"असेल बाई. त्यांच्याकडच्या पोरी हिंडत असतील उघड्या डोक्याने," मीसो म्हणाली. "मी कुणाला विचारलं कधी?"

लोचे लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसत म्हणाला, "आता मला काय म्हणतील लोक?"

"लोचे म्हणतील! आणखी काय म्हणणार?"

भाताच्या दारूचे पेले फिरू लागले. डुक्कर शिजायला अजून वेळ होता. मीसो बूयेपाशी येऊन टेकली. बूये लेकीच्या टोपीवर तोच रुपया शिवत होती.

"बये, लोक हसत होते, तरी वीस वर्षं मिरवलंस. अस्सल आहे अशी एवढी खात्री होती, तर माझ्याशी भांडायला का नाही आलीस?"

"खात्री? छे हो मावशी," बूयेने दाताने दोरा तोडला. "तुम्ही म्हणालात खोटं, म्हणजे मी खोटंच धरून चालले होते."

"मग लावलंस कशाला?"

"त्याने दिलं होतं ना."