अजून सिद्ध नाही

सोनकांबळे सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानं, लातूरहून फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडला घरी चहा गाळत होतो. निम्मा ओट्यावर सांडला... पाच आठवडे झाले, पण माझा राग जात नाही. त्यांच्यावर थोडा, स्वतःवर जास्त.

आमचा पिढीजात धंदा पाट्या रंगवण्याचा. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. सर मूळचे बिलोलीचे, कॉलेजात गणित शिकवायचे. दुष्काळात पाण्याच्या रांगेत ओळख झाली. घागर ठेवून ते भिंतीला टेकून गणितं करत बसायचे. तेव्हा टायपिस्ट गणिताच्या चिन्हांसाठी जागा कोऱ्या सोडायचा. सरांच्या प्रबंधातल्या त्या जागा शाईनं भरायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. विषय अनेक चलांच्या, झरझर वरखाली होणाऱ्या इंटिग्रल्सचा. नेमकं उत्तर निघत नाही, जवळपासचं काढायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मास्तर, लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. जिथं क्षणभर थांबतात, तिथलंच उरतं. बाकीचं सोडायचं. पण सोडलं ते किती, हे सांगता आलं पाहिजे."

एका चलात त्यांना ते सांगता आलं होतं. अनेक चलांत, थांबायची जागा सपाट निघाली की काही केल्या जमेना. दहा वर्षं अशीच गेली. मग लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघाली. त्यासाठी पीएचडी हवी होती. शेवटच्या प्रकरणात, सोडलं ते किती हे सांगणारी एकच जागा कोरी होती. "तिथं 'अजून सिद्ध नाही' एवढंच लिहा," सर म्हणाले. असं लिहिल्यावर पदवी कोण देणार? मी आधीच्या प्रकरणातलं तसंच दिसणारं सूत्र चारही प्रतींत सुबक उतरवलं आणि प्रबंध बांधणीला दिला.

विद्यापीठात प्रबंध द्यायच्या शेवटच्या तारखेला एसटी स्टँडवर सरांनी पानं चाळली.

"मास्तर, हे काय केलं?"

"कोण बघून राहिलंय, सर? द्या की!"

"मी बघून राहिलो न्हाई का?"

गाडी गेली, सर गेले नाहीत. पुढं लातूरला बदली झाली ती दुसऱ्याच्या हाताखाली. खरं सापडल्यावरच प्रबंध देईन, म्हणाले. मला एका शब्दानंही दोष दिला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा लातूरला गेलो, तेव्हा सुजातानं प्रबंधाची ती प्रत दाखवली. त्या जागी ब्लेडनं खरवडून खरवडून कागदाला भोक पडलंय. पुढच्या कोऱ्या पानांवर तिचं अक्षर, ओळीवर ओळ, सगळी खोडलेली.

"सरांनी नाद कधी सोडला?" मी विचारलं.

"सोडला न्हाई, चाचा. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मला लिहायला लावायचे. अन् सकाळी उठलं की म्हणायचे, खोडून टाक."