अस्वलाच्या डोक्यावरचं आभाळ

सकाळी खिडकीच्या आडव्या गजांच्या सावल्या बरोबर अस्वलाच्या डोक्यावर पडल्या. काल रंगवून पुरं केलेलं चित्र टेबलावरच होतं. जांभूळ कधी पडतंय म्हणून झाडाखाली तोंड उघडून बसलेलं अस्वल, आणि वरचं सगळं आभाळ कोरं. त्या कोऱ्या जागेत सावल्यांच्या ओळी उमटल्या होत्या, जणू कुणी गोष्ट लिहून ठेवलीय.

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची म्हणजे आभाळ सोडावंच लागतं. मजकूर तिथे छापतात. इतकी वर्षं कोल्हे, ससे, राक्षस काढले, पण एखादं आभाळ पुरं रंगवल्याचं मला आठवत नाही.

माझी मुक्ता लहान होती तेव्हा छापून येईपर्यंत थांबतेय कोण! रंग वाळायच्या आत ती टेबलाशी यायची आणि कोऱ्या जागेवरून बोट फिरवत घडाघडा वाचायची. "अस्वल म्हणालं, मी आंघोळ करणार नाही, ज्जा!" पुस्तकातली गोष्ट निराळीच निघायची. खरं सांगते, ती छापील गोष्ट मला कधीच तितकी आवडली नाही. मुक्ताच्या बोटांचे डाग मात्र मी पांढऱ्या रंगाने झाकत बसायचे. कशाला झाकले, कोण जाणे.

आता ती परदेशात असते. ऊन सरकलं, ओळी पुसल्या गेल्या, तेव्हा मी चित्राचा फोटो काढून तिला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही, मुद्दामच.

दुपारी उत्तर आलं. "मस्त झालंय गं आई. फक्त वर जरा रिकामं वाटतंय."