निघालेली मावशी

मावशीला बसलेलं मी फारसं पाहिलेलंच नाही. चहासुद्धा ती दाराच्या चौकटीला टेकून, एक चप्पल पायात अडकवूनच प्यायची. गिरगावातल्या फणसवाडीतून दादरला आमच्याकडे यायची तीही चालत. "बस ना गं जरा," म्हटलं की म्हणायची, "बसायचं काय, म्हातारपणी बसेन." तेव्हा तिची पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती.

अशा बाईची मुलगी, मीनल, ग्लासगोला स्थायिक झाली. पहिल्याच भेटीत मावशीला कळलं की तिथून डोंगरांतून, तळ्यांच्या कडेने थेट फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी एक पायवाट आहे आणि लोक ती टप्प्याटप्प्याने चालतात. झालं! पंजाबी ड्रेसवर रेनकोट, पायात मीनलचे बूट, हातात पोळीची गुंडाळी. दर उन्हाळ्यात एक टप्पा. मीनल बिचारी धापा टाकत मागे. "आई, थांबून तळं तरी बघ!" "चालता चालता दिसतंय की."

टप्पा संपला की मुक्कामाच्या घरी ती प्रस्थान ठेवायची. पूर्वी मुहूर्त साधायला लोक आपलं एखादं वस्त्र जायच्या दिशेच्या घरी आधीच नेऊन ठेवत. म्हणजे माणूस घरात असला तरी निघालेला धरला जाई. मावशी मुहूर्तबिहूर्त मानणारी नव्हती, पण ही युक्ती तिला मनापासून पटली होती. आपली जांभळी शाल तिथेच ठेवून ती गिरगावात परतायची आणि वर्षभर केळीवाल्यालाही सांगायची, "मी सध्या वाटेत आहे हो."

शेवटून दुसऱ्या टप्प्यानंतर घोटाळा झाला. तिथली घरमालकीण आयलीन, सज्जन बाई. पाहुणी शाल विसरली असं वाटून तिने ती नीट घडी करून मीनलच्या पत्त्यावर पाठवून दिली. फोनवर हे कळलं आणि मावशीचा इथे थयथयाट. "मोडलं की प्रस्थान! आता मी परत आल्यासारखी झाले!" पुढच्या उन्हाळ्यात तो अख्खा टप्पा ती पुन्हा चालली. मीनल वैतागली, "आई, कोण बघतंय?" "मी बघत्ये ना." या वेळी तिने आयलीनला समोर बसवून, स्वतः अर्थातच उभी राहून, सगळं समजावलं. शाल पुन्हा तिच्या कपाटात गेली. आता एकच टप्पा उरला होता.

मग मावशीच्या हृदयानेच असहकार पुकारला. डॉक्टरांनी जिना उतरायलाही बंदी केली. गॅलरीत येरझाऱ्या घालत ती चिडायची. डॉक्टरांवर, माझ्यावर, स्वतःच्या पायांवर. एकदा थंडी वाजते म्हणाली, तेव्हा मी सहज म्हटलं, "ती शाल मागवून घेऊ या का?" केवढ्याने ओरडली! "खबरदार! शाल आली म्हणजे मी घरी आले. मी निघालेली बाई आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तीही उभ्यानेच, चौकटीला टेकून, चहाचा कप हातात असताना. मला तिचा फार राग आला. जरा वेळ तरी माझ्याजवळ बसायचं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मीनलने आयलीनचा निरोप वाचून दाखवला: शाल पाठवू का? मागवून घ्या, तेवढीच आठवण, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मीनलने माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हटलं. "तिला परत आणू नकोस."