लेण्यावरचं माझं प्रवचन

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! माझा मी-पणा कसा गेला त्याची ही गोष्ट आहे, आणि तो गेला तोही सगळ्या मंडळाच्या बायकांदेखत.

झालं काय, मी आणि माझी धाकटी जाऊ मंदा, दोघी इगतपुरीला मौनाचं शिबिर करून आलो. तिथं सांगितलं, आत मी-मी करणारं कुणी नसतंच. सगळं येतं आणि जातं. मला पटलं हो! इतकं पटलं, की परतीच्या एसटीतच मी म्हणाले, "मंदा, तुझ्यापेक्षा माझा अहंकार जास्त गेलाय."

"असं कसं ताई? माझा तर अर्ध्या शिबिरातच गेला!"

लागली की नाही चढाओढ? त्यात आमच्या मखमलाबादच्या महिला मंडळाला रोज सकाळी ध्यान शिकवायला बाई हवी होती. मंडळाच्या शेवंताकाकू म्हणजे एक घाव दोन तुकडे. म्हणाल्या, "रविवारी पांडवलेण्यावर चला. जिच्यापुढं आमचं मन शांत बसंल, ती शिकवील."

आता तुम्हीच सांगा, थोरली असून मी रोज मंदापुढं मांडी घालून बसायचं? जीव गेला तरी नाही!

रविवारी लेण्याच्या ओसरीत आधी मंदाची पाळी. ही म्हणते, "श्वासाकडे लक्ष द्या," आणि बायकांचं लक्ष कांद्याच्या भावाकडे! एकीनं तर पुडीतले शेंगदाणे वाटले. मला मनातून काय आनंद झाला म्हणता!

मग मी बसले. डोंगरावरच्या वाऱ्यानं माझे कान ठणकतात, म्हणून दोन्हीकडे कापसाचे बोळे कोंबले. जरा वातावरण हवं म्हणून मूठभर धूप पेटवला. भकाभका धूर निघाला. झकास! डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं हळूच किलकिले करून बघते तर काय! सगळ्या बायका जागच्या जागी थिजलेल्या. शेंगदाणेवालीची मूठ तोंडाशी तशीच. फोटो काढत हुंदडणारी कॉलेजची पोरं मुंड्या खाली घालून गप्प. एक गृहस्थ तर सरळ पालथे, साष्टांग! लेण्याच्या पहारेकऱ्यानं तोंडावर टॉवेल ओढून माझ्याकडे बघत हात जोडलेले. आणि शेवंताकाकू? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

अहो, अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. म्हटलं, बाई गं, पसरली तुझी शांती!

असे श्रोते मिळाल्यावर गप्प बसवतं का कुणाला? मी ताडकन उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "मी म्हणजे कोण? कुणीच नाही! मान येतो, जातो. वेदना येते, जाते. काहीही धरून ठेवू नका!"

कुणी जागचं हललं नाही. तेवढ्यात मंदा रांगत रांगत आली आणि तिनं चक्क माझे पाय धरले. चेहरा रडवेला, ओठ थरथरतायत. शरण आली बिचारी! माझा ऊर भरून आला. दोन्ही हात उंच करून म्हणाले, "ऊठ मंदा! मी काही मोठी नाही गं!"

आणि नाकाच्या शेंड्यावर असा जाळ झाला म्हणता! वेदना आली ती कळलं. जायचं मात्र नाव घेईना. मी मटकन खाली बसले. मंदानं माझ्या तोंडावर पदर ओढला आणि मला घट्ट दाबून धरलं.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्या कानांतले बोळे उपटले, तेव्हा पहारेकऱ्याचा आवाज ऐकू आला. "ओ मावशी! धूप कुणी लावायला सांगितला? डोक्यावर आग्यामोहोळ हाय! माश्या उठल्या म्हणून घसा फोडून सांगतोय, कुणी हलू नका, अन् तुम्ही उभ्या राहून भाषण करता व्हय?"

मी काकूंकडे बघितलं. "मग तुमच्या डोळ्यांतलं पाणी?"

"तुझ्या धुराचं, भवाने!"

जी हसली ना मंदा! मग बायका हसल्या, पोरं हसली, ते साष्टांगवाले गृहस्थही उठून हसले. बाकी कुणाला एक माशी चावली नव्हती. नाकाचा पार बटाटा झाला होता, तरी मलाही हसू आवरेना. आणि खरंच सांगते, हसता हसता आत सगळं रिकामं झालं. कोण थोरली, कोण धाकटी, कसलं मंडळ! इतकं हलकं मला शिबिरातसुद्धा वाटलं नव्हतं.

मी मंदाचा हात धरला. "मंदे, तूच शिकव ध्यान. माझा मी-पणा आज खरंच गेला."

मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच गेला, ताई?"

"गेला!" मी म्हणाले. "आणि काकू, तुम्ही साक्षीला आहात हं, मंदाच्या आधी गेला!"