भरल्या टाकीचं मशीन

आमच्या शाळेत गवत कापायचं पेट्रोलचं मशीन येऊन तेवीस वर्षं झाली, आणि जोतीराममामांशिवाय त्याला कुणी हात लावलेला नाही. मी खेळाचा शिक्षक, त्यामुळे मैदान कागदोपत्री माझ्या ताब्यात. एकदा मी हौसेनं दोरी ओढायला गेलो, तर मामा म्हणाले, "सर, तुमी शिट्टी वाजवा. ह्ये माझं काम हाय." शिपायाकडून असलं ऐकून घेणारा मी नव्हे, पण घेतलं. कारण मी चार वेळा ओढूनही मशीन ढिम्म होतं आणि त्यांच्या एका हिसक्यात ते सुरू झालं.

मामा पन्हाळ्याखालच्या एका खेड्यातले. घरी दीड एकर ऊस, दोन म्हशी. धार काढून, डेअरीला दूध घालून सातच्या ठोक्याला शाळेत हजर. आधी ऑइलची कांडी फडक्याला पुसून पुन्हा बुडवून बघायची, मग फिल्टर झटकायचा. दर शनिवारी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, पात्यावर कानस फिरवायची. मशीन चालू झालं की हँडलवर तळवा टेकून, डोळे मिटून मिनिटभर उभं राहायचं. बाकीचे मिस्त्री इंजिनाला कान लावतात, हे हात लावतात, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. का लावतात, हे विचारायचं डोकं मला नव्हतं.

फेब्रुवारीत गवत वाळलं की मशीन खोलीत जायचं. त्याआधी मामा टाकी काठोकाठ भरायचे. पाण्याचा हंडा, धान्याची कणगी, तेलाची समई, यातलं काही रिकामं ठेवायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. तेच मशीनलाही लागू. "राबणाऱ्याला उपाशी निजवू न्हाय, सर," म्हणायचे. आणि जूनमध्ये मशीन पहिल्या हिसक्याला जागं व्हायचं. मग बोलायला जागा कुठली?

यंदा पाऊस लांबला, मशीन जुलैअखेर बाहेर काढलं, आणि ते जागं झालं नाही.

मामांनी प्लग काढला, ठिणगी निळी पडत होती, म्हणजे प्लग ठीक. कार्बोरेटर उघडला, तर खाली पाणी आणि काकवीसारखा चिकटा साचलेला. सगळं धुऊन, पुसून, फुंकून पुन्हा बसवलं. मशीन सुरू झालं, वीस पावलं चाललं आणि बंद पडलं. असं तीन दिवस चाललं. इकडे मैदानातलं गवत पोरांच्या गुडघ्याला लागलेलं आणि पंधरा ऑगस्ट तोंडावर.

शेवटी रिक्षात घालून मशीन उद्यमनगरातल्या गॅरेजात नेलं. अमरसिंह मिस्त्रीनं कार्बोरेटर हातात फिरवून बघितला.

"पावणं, पेट्रोल किती म्हैनं आत हुतं?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मीच म्हणालो, "पाच."

"मग काय हुणार? आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय. पडून ऱ्हायलं की पाणी धरतंय. आतलं रबर फुगलंय, पेट्रोल यायचं बारीक भोक, जेट, ते जाम हाय. टाकी रिकामी करून ठेवायची सोडून तुमी भरून ठेवली! आणि ह्या मॉडेलचं सामान आता येत न्हाय."

रस्त्यावर आल्यावर मी मामांना हे सगळं मोठ्यानं समजावलं. आधी त्यांचा चेहरा उजळला. "इथेनॉल म्हंजे आपल्या उसाचंच की!" मग काय झालं ते त्यांच्या डोक्यात शिरलं. परतीच्या रिक्षात ते मशीनवर हात ठेवून बसले होते. मला भडभडून आलं. चूक म्हणावी तर अशी, की माणसानं जीव लावला म्हणून झाली.

मुख्याध्यापिका नंदिनी मॅडमनी गवताचं काम कंत्राटदाराला दिलं. मॅडम वाईट नाहीत. "मामांना गेटवर बसवूया," म्हणाल्या, "खुर्ची टाकून बसतील. वय झालं, जरा आराम." मी ही बातमी पेढे घेऊन जावं तशी मामांकडे नेली आणि मैदानभर ऐकू जाईल अशी सांगितली.

मामांनी मला मशीनच्या खोलीच्या मागं ओढत नेलं. "सर, गेट नगो. संडास धुतो, काय बी द्या. गेट नगो."

"अहो, पण का?"

"ऐकाय येत न्हाय. डावा कान कवाच गेलाय. उजव्यात निस्ती घरघर हाय. मशीनपाशी समदीच वरडून बोलत्यात, म्हणून निभलं. रिटायर व्हायाला पावणेदोन वरसं ऱ्हायल्यात, सर. कळलं तर घरी बसवतील."

मला त्यांचा राग आला, त्याहून माझा. हा माणूस माझ्याच मैदानावर बहिरा झाला आणि मी त्याला कधी कापसाचा बोळाही दिला नाही.

मॅडमकडे गेलो. मामा अनुभवी आहेत म्हणालो, झाडांना पाणी घालतील म्हणालो. खरं कारण सांगितलं तर नोकरी जाणार, नाही सांगितलं तर गेट मिळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मॅडमनी शेवटी विचारलं, "गुरुप्रसाद सर, गेटवर का नको, ते तरी सांगा."

"ऊन लागतं," मी म्हणालो. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

गेटवर मामांनी दहा दिवस छान काढले. येईल त्याला हसून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि गेट उघडायचे. पालक खूष, असा नम्र मामा बघितला नाही म्हणे. अकराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत एक गृहस्थ आले. तिसरीतल्या अदितीला घरी नेतोय, चिठ्ठी लागते का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "व्हय, व्हय," आणि गेट उघडलं. जाताना पोरगी बरोबर होती, तेव्हाही उघडलं.

शाळा सुटल्यावर अदितीची आई आली. पोरगी नाही. तासभर त्या माउलीचा आक्रोश आणि आमची पळापळ. मग पेठ वडगावहून फोन आला. ते गृहस्थ तिचे सख्खे मामाच होते, भाचीला आजोळी घेऊन गेले होते. निरोप आईपर्यंत पोचला नव्हता, एवढंच. "तुमच्या शिपायाला चिठ्ठीचं तीनदा विचारलं," ते फोनवर म्हणाले, "प्रत्येक वेळी व्हय म्हणाला आणि गेट उघडत सुटला."

मॅडम काही दुधखुळ्या नाहीत. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, "यांना ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर कागद तयार होता. परवानगीशिवाय विद्यार्थिनीला बाहेर सोडलं हे मान्य, सरकारी दवाखान्यात कानांची तपासणी करून घेण्यास तयार, आणि अहवाल प्रतिकूल आल्यास संस्थेचा निर्णय मान्य. साक्षीदार म्हणून माझं नाव. मामा चष्मा घरी विसरले होते. म्हणाले, "सर, वाचून दावा की."

आता मोठ्यानं वाचावं तर उजव्या कानाशीच जावं लागणार, आणि कुठला कान बरा हे मला आधीपासून ठाऊक होतं हे मॅडमना कळणार. मी माझ्या नेहमीच्या आवाजात वाचलं. मामा माझ्या ओठांकडे बघत प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. "व्हय. व्हय." मग त्यांनी जोर देऊन, जुन्या वळणाची, पूर्ण नावाची सही केली. त्याखाली मी केली.

बाहेर मैदानाच्या कडेला त्यांनी मला थांबवलं. चेहऱ्यावर हसू होतं.

"मशीन परत आणणार म्हणत्यात काय, सर?"

मी हळू सांगून बघितलं. त्यांनी मान डोलावली, "व्हय" म्हणाले. मी खुणा केल्या, त्यावर ते आणखीच हसले. मग मात्र मला ओरडूनच सांगावं लागलं, तीनदा, कानांचं, दवाखान्याचं, नोकरीचं. वरच्या वर्गांच्या खिडक्यांत पोरं येऊन उभी राहिली, आणि ऑफिसच्या दारात मॅडम.