मामांच्या नावावर दिलेली उत्तरं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याच्याच वडिलांचं आहे, माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं — म्हणून त्याला तर नाहीच.

गावी करमाडला मामांचा शब्द चालायचा. भावकीतली भांडणं घेऊन लोक यायचे. मामा दोन्हीकडचं सगळं ऐकून घ्यायचे, मगच बोलायचे. ऐकू येईना झालं तेव्हा आम्ही त्यांना पडेगावच्या नव्या फ्लॅटवर आणलं, कानाला मशीन बसवलं. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, मशीननं नुसता आवाज येईल, शब्द ओळखायला पुन्हा शिकावं लागेल. त्यासाठी कॉम्प्युटरवर ऑनलाइन धडे होते, रोज अर्धा तास. आवाज यायचा 'पाणी', आणि पडद्यावर तीन चित्रं — पाणी, राणी, गोणी. मामांनी बोट दाखवायचं, माऊस मी दाबायचा.

मामा फार वेळ घ्यायचे. परत लाव म्हणायचे. परत. परत. त्या वर्षी पाऊस नव्हता, टँकर कधीही यायचा, खाली पळावं लागायचं — पण टँकरचं नाव कशाला घेऊ? मला कंटाळा यायचा. एवढंच. एके दिवशी त्यांनी चुकीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मी बरोबर चित्र दाबलं. मग रोजच. पुढं तर दुपारी ते झोपले की मी एकटीच धडा उरकून टाकायची.

तिकडं मॅडमना मार्क दिसायचे. त्या खूश झाल्या, धडे अवघड केले — बाजाराच्या गोंगाटातली वाक्यं. मामांना त्यातलं काही कळेना. शेवटी मॅडमनी त्यांना समोर बसवून तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, घरी इतकं छान जमतं, मग इथं असं का? विसरायला लागलेत का? खरं सांगायची वेळ तीच होती ना? मी म्हणाले, हो, हल्ली विसरतात.

रिक्षात मामांनी विचारलं, मॅडम काय म्हणल्या. मी फाईलच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलं — वयामुळं होतंय. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजी मशीन चांगलंय," ते म्हणाले. "माझं डोकंच गेलंय."

पेन्सिल माझ्या हातात होती. मी पुढं काही लिहिलं नाही.

मशीन डबीत गेलं. महिन्याभरानं करमाडहून दोघं भाऊ आले. रस्त्यात गेलेल्या जमिनीवरून त्यांचं बिनसलं होतं. काय झालंय ते मोठ्यानं, हातवारे करून सांगायला लागले. मामांनी हात जोडले. "दुसऱ्याला विचारा बाबांनो. मला आता समजत नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हिनं मातर लई कष्ट घेतले."

मी चहा घेऊन उभी होते. कप त्यांच्यापुढं ठेवले आणि आत आले.

त्यानंतर गावाकडून कुणी आलं नाही. मामा आणखी चार वर्षं जगले, बहुतेक गॅलरीतच. त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. हे घरात एकट्या मला माहीत होतं.