चक्री कोण बसवायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका साहेबाची मासे धरायची चक्री साफ केली. शनिवार होता, न्याहारी झालेली. ओट्यावर बायको सूप घेऊन बसली आणि मी रॉकेलची वाटी धरून. मी वाटी धरायचो. त्या कामात माझा वाटा एवढाच होता, आणि हे कागदावर लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

तेव्हा तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं. गोरे साहेब आले होते. सुट्टीच्या दिवशी खडकावर उभे राहून गळ टाकायचे. गळाच्या काठीला ही चक्री असायची, नारळाच्या करवंटीएवढी, आत पितळेचे दाते, दोन्ही अंगांना काळी झाकणं. तिच्यावर दोरी गुंडाळलेली. मूठ फिरवली की मासा ओढला जातो. मासा जोरात पळाला तर दोरी तुटू नये म्हणून आत ब्रेक असतो: एक चामड्याची चकती, तिच्यावर एक लोखंडाची, परत चामड्याची, अशी चळत.

एवढ्या लांबून विमानानं येऊन आम्हाला वीज शिकवणारी ही माणसं. पण खाऱ्या पाण्यातून आणलेली चक्री गोड्या पाण्यानं पुसावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तशीच खारट कपाटात. पंधरा दिवसांनी मूठ फिरेनाशी झाली की वरून तेल ओतायचे. तेल मुरायचं ब्रेकच्या चामड्यात. मग मासा लागला की दोरी सुटतच जायची आणि साहेब तोंड उघडं टाकून खडकावर उभा. हल्ली केळव्याला मुंबईचे पाहुणे येतात, त्यांच्या चक्र्या आणखी चकचकीत आणि अक्कल तेवढीच. मला विचारतात, आजोबा, कुठलं तेल चांगलं? मी म्हणतो, तुम्ही हॉटेलात मासा खा.

मी तिथं घमेली वाहायला होतो. एकदा एका साहेबाची चक्री अडकली. मी शेजारी होतो, बोलून गेलो, "साब, मैं बनाता." नुसती फुशारकी. घरी आणून झाकण उघडलं तशी आतून भाताच्या दाण्याएवढी स्प्रिंग उडाली आणि नाहीशी झाली. बायको चूल सोडून दारात आली.

"हातोडा आनू का?" म्हणाली.

स्प्रिंग तिनंच शोधली. मग मला बाजूला सारलं. ती मच्छीमाराची पोर, जाळ्याचे डोळे विणून बोटं अशी झालेली की अंधारातही गाठ सोडवतील. एकेक तुकडा काढायची आणि सुपात ओळीनं मांडायची, पहिला निघालेला डावीकडे, शेवटचा उजवीकडे. बसवताना उजवीकडून उलट यायचं. पितळेवर चढलेला हिरवा गंज कोंबडीच्या पिसानं, रॉकेल लावून. खाचेतलं मीठ बाभळीच्या काट्यानं. स्प्रिंग ग्रीसच्या ठिपक्यात चिकटवून ठेवायची, मग ती उडत नाही. चामड्याच्या चकत्या कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मला म्हणायची, हात लावू नका. लावला होता मी एकदा. दात्यांना शहाणपणानं खोबरेल फासलं होतं. पौषातल्या सकाळी खोबरेल थिजतं हे शेंबड्या पोराला कळतं, मला साहेबाची चक्री पुन्हा अडकल्यावर कळलं.

पहिल्याच चक्रीवर साहेब खूश झाला. मला मिस्त्री म्हणायला लागला. घमेलं सुटलं, हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं, किल्ली माझ्या कमरेला. मग बाकीचे साहेबही चक्र्या देऊ लागले. मी त्या चक्र्या घरी आणायचो, साफ झाल्या की परत न्यायचो, आणि सगळी वाहवा गिळायचो. हमाल होतो तो हमालच होतो, ओझं हलकं झालं होतं इतकंच.

त्या शनिवारी शेवटचा स्क्रू आवळून तिनं मूठ फिरवली. आवाजसुद्धा झाला नाही.

"एवढा सायब, एवढी चक्री, आन मासा एक," ती म्हणाली. "आमच्या बापाच्या जाळ्यात चुकून येतात ते याच्याहून जास्त."

मी हसलो. ती हसली नाही.

"उद्या सांगा त्याला."

"काय?"

"ही कोन बसवते ते."

"मंग घमेलं परत कोन उचलंल? तू?"

"उचलंन. मासळीची टोपली उचलते, घमेलं काय जड हाय? पन ते तुमाला मिस्त्री म्हनतात आन तुमी मान हालवता. लाज वाटते वो माला."

"बगू," मी म्हणालो. हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. बगू.

दुपारी ती खाडीकडच्या खाजणाच्या बांधावर गवत कापायला गेली. नाग होता. बैलगाडीत घालून पालघरच्या वाटेला लागलो, बोईसर ओलांडलं आणि तिनं मान टाकली. गाडीवाल्यानं न विचारता बैल वळवले. त्याच रात्री सगळं उरकलं. गाव जमलं होतं. तिच्या हयातीत तिला कधी बरं न म्हणणाऱ्या बाया गळे काढत होत्या. मला एकीचंही तोंड बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि चक्री फडक्यात बांधली. तिचा भाऊ दारात बसला होता.

"सुतकात कुटं निगाला?"

"सायबाकडं."

"चक्री घिऊन?"

मी चालू पडलो. तो थुंकला ते ऐकू आलं. त्याचं काही चुकलं नाही.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात काठी घेऊन तयार होता. मूठ फिरवली, मान डोलावली. "गुड, मिस्त्री."

"मैं नहीं बनाया. मेरी औरत बनाती है."

तो हसला. "औरत? तुम मजाक करता."

ती गेली हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. त्याच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, खाली बसलो आणि चक्री उघडली. सगळे तुकडे फरशीवर काढले. "देखो. मैं बिठाता."

मुद्दाम चुकलो असं कुणी समजू नये. जीव ओतून बसवत होतो. चामड्याच्या दोन चकत्या लागोपाठ बसल्या, एक लोखंडाची हातात उरली. परत काढलं, परत बसवलं, झाकण लागेना. तिसऱ्या खेपेला स्प्रिंग उडून गवतात गेली. तोवर साहेबाचं हसू मावळलं होतं. तो स्वतः गुडघ्यावर बसून गवत चाचपत होता, सापडेना.

"बुलाओ उसको," तो म्हणाला.

मी कमरेची स्टोअरची किल्ली काढली, फरशीवरच्या तुकड्यांत ठेवली आणि पायऱ्या उतरलो.